महाधनेश की कवड्या धनेश? आधी शेपटी बघा, चोच नंतर

कोकणात, गोव्यात नाहीतर कर्नाटकातल्या दांडेलीला पहिल्यांदा धनेश बघितला की बहुतेक जण एकच करतात, चोचीकडे बघत बसतात. साहजिकच आहे, एवढी मोठी पिवळी चोच, त्यावर ते शिंग, नजर तिथेच जाते. पण नेमकं तिथेच घोळ होतो, कारण महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश या दोघांचीही चोच पिवळी, दोघांच्याही डोक्यावर शिंग, दोघंही काळे-पांढरे, आणि पक्षी तर दोन सेकंदात झाडाआड जातो. मग फोटो ग्रुपवर टाकायचा आणि कुणीतरी नाव सांगेल म्हणून वाट बघायची. त्याची गरज नाहीये खरं तर. शेपटी आणि मान या दोन गोष्टी बघायची सवय लागली ना की पक्षी उडत असला, पाठमोरा असला, अर्धा पानात लपलेला असला तरी ओळखता येतो. म्हणून हे सगळं शेपटीपासून सुरू करतोय.

महाधनेशाची शेपटी पांढरी असते आणि तिच्यावर शेवटाच्या जरा अलीकडे एक रुंद काळा आडवा पट्टा असतो. पट्ट्याच्या पुढे परत पांढरं टोक. हे वरून, खालून, बाजूने, कुठूनही बघा, पट्टा दिसतोच. कवड्या धनेशाच्या शेपटीला असा आडवा पट्टा कधीच नसतो. त्याची मधली पिसं काळी आणि बाहेरची पांढरी, म्हणजे शेपटी पसरली की मधोमध काळी उभी रेघ आणि दोन्ही बाजूला पांढरं असं दिसतं. आता यातला एक बारकावा नीट लक्षात ठेवा, कारण इथे भले भले अडकतात. पक्ष्याची शेपटी मिटलेली असते तेव्हा मधली पिसं वर असतात आणि बाहेरची पिसं त्यांच्या खाली सरकतात. त्यामुळे कवड्या धनेश फांदीवर बसलेला असेल आणि तुम्ही खालून बघत असाल तर शेपटी जवळजवळ पूर्ण पांढरीच दिसते, आणि तोच पक्षी तुमच्याकडे पाठ करून बसला तर शेपटी काळी दिसते. पक्षी एकच आहे, फक्त तुमची जागा बदलली. आणि मग "पांढरी शेपटी दिसली म्हणजे मोठा धनेश" असं लिहिलं जातं. तर नुसतं पांढरं दिसलं हे पुरेसं नाही, आडवा काळा पट्टा आहे का हा प्रश्न विचारायचा. पट्टा आहे, महाधनेश. पट्टा नाही, कवड्या.

शेपटीनंतर मान. महाधनेशाची मान पांढरी, बऱ्याचदा पिवळट, आणि चेहरा मात्र काळा. म्हणजे चोचीपासून मागे जाताना पिवळी चोच, मग काळा चेहरा, मग फिकट मान, मग काळी छाती, आणि खाली परत पांढरं पोट असे टप्पे पडतात. कवड्याचं सगळं सोपं आहे, डोकं, मान, छातीचा वरचा भाग सलग काळा आणि तिथून खाली पोट एकदम पांढरं. मानेवर फिकट रंग दिसला की कवड्या धनेश बाद, विषय संपला. फक्त एक गोष्ट, कवड्याच्या खालच्या चोचीच्या बुडाशी गळ्यावर उघड्या कातडीचा एक फिकट गुलाबीसर ठिपका असतो, लांबून तो पांढरा वाटू शकतो, त्याला मान समजू नका.

पंखांचंही तसंच. बसलेल्या महाधनेशाच्या काळ्या पंखावर एक फिकट आडवा पट्टा दिसतो, पांढरा किंवा पिवळा, आणि उडाला की हा पट्टा पंखभर पसरतो आणि पंखाची मागची कडाही पांढरी दिसते. म्हणजे पांढरं दोन ठिकाणी. कवड्याचा पंख पूर्ण काळा, फक्त मागच्या कडेला पांढरी किनार. आकाशात डोक्यावरून एखादा गेला आणि बाकी काहीच दिसलं नाही, तर पंखाच्या मध्ये पट्टा होता की फक्त कडेला किनार होती एवढं आठवलं तरी काम होतं.

आता रंगाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो आणि ओळखण्यातही त्याचा उपयोग आहे. महाधनेशाच्या मानेवरचा आणि पंखावरच्या पट्ट्याचा पिवळा रंग हा पिसांचा मूळ रंग नाही. पिसं मुळात पांढरीच उगवतात. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला एक तेलग्रंथी असते, तिच्यातून पिवळा तेलकट स्राव येतो, पक्षी डोकं आणि चोच त्या ग्रंथीवर घासतो आणि मग तेच मानेला, पंखांना, चोचीवरच्या शिंगाला फासतो. म्हणजे हा रंग तो स्वतः लावतो, रोज लावतो, आणि उन्हापावसात तो उतरतही असतो. म्हणून एकाच थव्यातला एक महाधनेश गडद पिवळ्या मानेचा आणि दुसरा जवळजवळ पांढऱ्या मानेचा दिसू शकतो. त्यामुळे "पुस्तकात मान पिवळी होती, इथे पांढरी दिसतेय, मग हा वेगळा असेल" असा विचार करू नका. पिवळेपणा कमी-जास्त होतो पण पट्टे जागच्या जागी राहतात, ओळख पट्ट्यांवरून करायची. कवड्याच्या अंगावर असा पिवळा मुलामा नसतो, त्याचं पांढरं स्वच्छ पांढरं असतं.

आकाराने फरक मोठा आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नका. महाधनेश साधारण ९५ ते १२० सेंटिमीटर लांब, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास, वजन २ ते ४ किलो. कवड्या साधारण ६५ सेंटिमीटर, म्हणजे घारीएवढा, वजन किलोभर. कागदावर हा फरक प्रचंड वाटतो. पण जंगलात ४० मीटर उंच झाडाच्या शेंड्यावर एकटा पक्षी बसलाय, शेजारी मोजायला काही नाही, तिथे डोळा फसतो, आणि कवड्याची चोचही त्याच्या अंगाच्या मानाने मोठीच असते. दोघं एकाच वडावर आले तर मात्र बघायलाच नको, महाधनेश येऊन बसला की फांदी हलते.

आता शेवटी चोच. महाधनेशाचं शिंग रुंद असतं, वरून सपाट, मध्ये जरा खोलगट, आणि समोरून बघितलं तर दोन्ही कडा वर आलेल्या दिसतात. बाजूने बघितलं तर ते कपाळावरून चोचीच्या साधारण अर्ध्यापर्यंत येतं. कवड्याचं शिंग अरुंद, एकच कड असलेलं, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं, आणि त्याचं टोक पुढच्या बाजूला निघालेलं. त्यावर एक मोठा काळा डाग असतो, तो लांबूनही दिसतो. पण नुसता "शिंगावर काळं आहे" म्हणून कवड्या ठरवू नका, महाधनेशाच्या नरालाही शिंगाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला काळं असतं. आकार बघा. सपाट आणि रुंद की अरुंद आणि पुढे टोकदार, हा प्रश्न. पिल्लांच्या बाबतीत शिंगाचा काहीच उपयोग नाही, नुकतं बाहेर पडलेल्या पिल्लाला शिंग नसतंच, आणि महाधनेशाचं शिंग पूर्ण वाढायला चार-पाच वर्षं लागतात. तिथे परत शेपटी आणि मान.

नर-मादी ओळखायची असेल तर डोळे बघा, पण त्यासाठी चांगला बायनॉक्युलर हवा किंवा फोटो झूम करता आला पाहिजे. महाधनेशाच्या नराचा डोळा लाल आणि भोवतीची कातडी काळी, मादीचा डोळा पांढुरका आणि भोवतीची कातडी लालसर. मादीच्या शिंगाला नरासारखं काळं नसतं. कवड्यात नराच्या डोळ्याभोवतीची कातडी काळपट निळी, मादीची पांढुरकी, आणि मादीच्या शिंगाच्या मागच्या कडेला काळं नसतं. दोघांतही मादी जरा लहान.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि खरं म्हणजे दाट जंगलात निम्मी ओळख आवाजावरच होते, कारण पक्षी दिसण्याच्या खूप आधी ऐकू येतो. महाधनेशाचा आवाज जाड, खोल, घोगरा. एकेक "घॉक… घॉक" असा सुटा सुटा येतो, जोडी असली तर दोघं मिळून ओरडतात आणि वाढत वाढत पार डरकाळीपर्यंत जातात. कवड्याचा आवाज चिरका आणि घाईचा, "कॅक-कॅक-कॅक-कॅक" असा कलकलाट, आणि चार-पाच जण असले की सगळे एकदम सुरू होतात. याच जंगलात मलबारी राखी धनेश पण असतो, त्याचा आवाज मोठ्याने खदाखदा हसल्यासारखा असतो, कवड्याचा म्हणून तो हमखास लिहिला जातो. तो दिसला तर काही प्रश्नच नाही, राखी रंगाचा, जेमतेम ४५ सेंटिमीटरचा, आणि त्याच्या चोचीवर शिंग नसतं. शहरातल्या मोठ्या झाडांवर दिसतो तो राखी धनेश आणखी वेगळा, त्याला छोटं शिंग असतं.

आणि पंखांचा आवाज! महाधनेशाच्या उड्डाणाचा "हूस्स हूस्स" आवाज शांत जंगलात खूप लांबून येतो. धनेशांच्या पंखात खालच्या बाजूला मोठ्या पिसांची बुडं झाकणारी पिसं पुरेशी नसतात, त्यामुळे पंख मारला की पिसांच्या फटीतून हवा निघते आणि तो आवाज होतो. कवड्याच्या पंखांचाही आवाज येतो पण तो बराच हलका. दोघंही काही वेळा पंख मारून मग तरंगतात, परत पंख मारतात, तेवढ्यावरून मात्र ठरवू नका.

कुठे काय दिसेल याचा अंदाज असला तर अर्धं काम घरीच होतं. महाधनेशाला जुनं, उंच झाडांचं, सदाहरित जंगल लागतं. कोकणात तो आहे पण कमी, सह्याद्रीतून दक्षिणेकडे जाल तसा वाढत जातो, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर अनमलईच्या डोंगरात तर चहाच्या मळ्यांवरून उडताना दिसतो. त्याशिवाय हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि तिथून पुढे सुमात्रापर्यंत तो पसरलाय. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. कवड्या धनेश मात्र फक्त भारत आणि श्रीलंकेत. त्याला जरा मोकळं, पानगळीचं, नदीकाठचं, पायथ्याचं जंगल चालतं, गावालगतच्या देवराया, मोठ्या वडा-पिंपळाची झाडं, जुन्या आंब्यांच्या राया इथेही येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावाजवळ काळा-पांढरा धनेश दिसला तर तो कवड्या असण्याची शक्यता जास्त. मध्य भारताच्या जंगलातही तो आहे आणि महाधनेश तिथे नाही. पूर्वेकडे ओडिशा-झारखंडच्या बाजूला गेलात तर मात्र कवड्याचाच एक भाऊबंद भेटतो, त्याच्या शेपटीची फक्त टोकं पांढरी असतात, तिथे जास्त सावध राहा. आपल्या सह्याद्रीत तो नाही.

गावात चौकशी करायची असेल तर "धनेश" म्हणून विचारून बऱ्याचदा काही हाती लागत नाही. कोकणात बऱ्याच ठिकाणी मोठ्याला गरुड म्हणतात आणि कवड्याला ककणेर. कुणी गरुड दिसतो म्हणालं तर शेपटीवर पट्टा असतो का, मान कशी असते हे पण विचारा, रानात फिरणारी माणसं बरोबर सांगतात.

दोघांना एकाच ट्रिपमध्ये बघून फरक मनात पक्का करायचा असेल तर माझ्या मते दांडेली-गणेशगुडी हा भाग सगळ्यात चांगला. काळी नदीच्या काठचं जंगल, सह्याद्रीतले चारही धनेश तिथे मिळतात, आणि कवड्याचे तर थवे. दांडेलीच्या लाकूड डेपोच्या आसपासची झाडं त्यासाठी पक्षीमित्रांमध्ये प्रसिद्धच आहेत. तिथला काही भाग २०११ मध्ये खास धनेशांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. केरळात वाझाचल-अथिरापल्ली भागातही दोघं आहेत, तिथे कादर आदिवासी समाजातली माणसं वनखात्याबरोबर धनेशांच्या घरट्यांची राखण करतात, आणि त्यांच्याइतकी ही पाखरं ओळखणारं दुसरं कोण असणार.

शोधायचं कसं? पाखरू शोधू नका, झाड शोधा. फळांनी लगडलेलं वड, पिंपळ, उंबर, नांद्रूक असं एखादं झाड सापडलं की सकाळी उजाडायच्या आत तिथे जाऊन जरा लांब, आडोशाला बसायचं आणि हलायचं नाही. धनेश त्या झाडावर येणारच, आणि एकदा आले की बराच वेळ थांबतात, चोचीच्या टोकात फळ धरून वर उडवून गिळतात, ते तर बघतच राहावं. कवड्या काजऱ्याची फळं पण खातो, बिया विषारी असल्या तरी तो गर खातो आणि बी टाकून देतो. महाधनेशाला रानजायफळ, धूप अशी मोठ्या बियांची फळं चालतात, त्या बिया तो लांब नेऊन टाकतो, आणि एवढं मोठं बी गिळून दूर नेणारे पक्षी जंगलात फार थोडे. संध्याकाळी दुसरी संधी मिळते. विणीचा हंगाम नसतो तेव्हा कवड्या धनेश ठराविक झाडांवर एकत्र झोपायला येतात, सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास नदीकाठी उभं राहिलात तर एकामागून एक जाताना दिसतात. तेव्हा उजेड मागून असतो, रंग काही कळत नाही, पण पंखाची किनार आणि शेपटी त्यातही कळते.

जानेवारी-फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत विणीचे दिवस. या काळात झाडावर एकटाच नर दिसला तर जोडीदारीण ढोलीत आहे असं समजा. मादी जुन्या आंब्याच्या, बेहड्याच्या, सातविणीच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा वगैरे वापरून दार आतून लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून नवी येतात, म्हणजे त्या काळात ती उडूही शकत नाही. तिचं आणि पिल्लाचं पोट त्या एका नरावर. तो घशात फळं साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. तुम्ही घरट्यासमोर कॅमेरा लावून बसलात तर तो जवळच्या झाडांवर घिरट्या घालत राहतो आणि भरवायला ढोलीपाशी येत नाही. म्हणून अगदी हात जोडून सांगतो, ढोली सापडली तर तिथून निघा, ठिकाण कुठे टाकू नका, फोटोसोबत लोकेशन जात असेल तर ते काढून टाका. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पाखरं बोलवायचा प्रकार तर नकोच. ओळखायला शिकायचं तर फळांच्या झाडाखाली भरपूर मिळतं, घरट्याशी जायची काही गरज नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत महाधनेश असुरक्षित या वर्गात आहे आणि कवड्या संकटाच्या जवळ पोचलेल्या वर्गात, आणि दोघांचीही खरी अडचण तीच, ढोली असलेली म्हातारी झाडं राहिली नाहीत.

सराव घरबसल्या पण करता येतो. नेटवरचे उडतानाचे फोटो काढा, चोचीवर बोट ठेवा आणि फक्त मागचा भाग बघून ओळखा. फोटोखालच्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, चुकीची नावं भरपूर असतात. महाधनेशासाठी आणखी एक सोपी खूण म्हणजे बीएनएचएसचं, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग अभ्यास संस्थेचं बोधचिन्ह, त्यात तोच आहे. कारवारहून १८९४ साली एक पिल्लू संस्थेत आलं, त्याचं नाव विल्यम ठेवलं, आणि ते १९२० पर्यंत मुंबईत संस्थेच्या कार्यालयात राहिलं.

आणि नोंद करताना नुसतं नाव लिहू नका, काय दिसलं ते लिहा. "शेपटीवर आडवा पट्टा, मान फिकट, दोन पक्षी, वडावर, सकाळी सात" एवढं एका ओळीत बसतं आणि नंतर कुणालाही तपासता येतं. शेपटी दिसली नाही, मान दिसली नाही, आवाजही आला नाही, नुसती पिवळी चोच पानातून दिसली आणि पक्षी गेला, तर नोंदीत फक्त धनेश एवढंच लिहायचं. फळांचं झाड तिथेच आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.